दूध सोडलं, त्याची कारणं



"मांस नाही, अंडं नाही, मध नाही, कांदा-बटाटा नाही, रात्रीचं जेवण नाही. आता दूधही नाही? मग खातेस तरी काय?" हा प्रश्न मला हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, मंदिराच्या पायरीवर चपला घालताना, सगळीकडे विचारला जातो. उभ्या-उभ्या दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर दिलं की समोरच्या बाईला वाटतं, ही आपल्यालाच नावं ठेवते आहे. म्हणून एकदा निवांत, सगळं लिहून काढते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्या शास्त्रात दूध अभक्ष्य नाही. मद्य, मांस, मधू आणि पाच उदुंबर फळं यांच्या रांगेत दुधाला कुणी बसवलेलं नाही. उलट दूध किती वेळात तापवावं, लोणी किती वेळ ठेवावं, कच्च्या दह्या-ताकात डाळीचं पीठ का मिसळू नये, याचे नियम आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. दूध वापरायचंच नसतं, तर एवढी मर्यादा सांगितली कशाला असती? त्यामुळे मी जे केलं तो धर्माचा आदेश नाही. तो माझा नियम आहे. तुमचा झालाच पाहिजे असं मुळीच नाही.

पण नियमाला शास्त्रात जागा नक्की आहे. सहा बाह्य तपांतलं चौथं तप रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ हे सहा रस. आमच्या माहेरी आजी वारांप्रमाणे एकेक रस सोडायची. रविवारी मीठ नाही, गुरुवारी दूध नाही, शुक्रवारी दही नाही, शनिवारी तेल नाही. आम्ही नातवंडं वार विसरायचो, पण आजीच्या ताटावरून कुठला वार आहे ते कळायचं. तिचा त्याग जिभेसाठी होता. आपण जिभेचे गुलाम नाही, हे रोज थोडं थोडं स्वतःला शिकवायचं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या नियमाची सुरुवात तिच्या गुरुवारातूनच झाली. कारण मात्र पुढे वेगळं झालं, आणि ते गोठ्यात सापडलं.

माझं सासर शिरोळ तालुक्यातलं. ऊस, थोडी भाजी आणि मागच्या अंगणात म्हशी. मी लग्न होऊन आले तेव्हा चार होत्या. आमच्या आत्ती (माझ्या सासूबाई) पहाटे साडेचारला उठून धार काढायच्या आणि किटली घेऊन स्वतः डेअरीत जायच्या. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं. उसाचा पैसा वर्षाकाठी आणि तो पुरुषांच्या हातात. दुधाचा पैसा दहा दिवसांनी आणि तो आत्तींच्या हातात. माझ्या यजमानांच्या कॉलेजची फी त्या बिलातून गेली, नणंदेच्या लग्नातलं सोनं त्याच बिलातून आलं. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांच्या हातात स्वतःचा म्हणून जो काही पैसा असतो तो हाच. त्यामुळे दुधाविषयी बोलताना मी तोंड सांभाळून बोलते. त्या किटलीनं आमचं घर चालवलं आहे.

आता कारण सांगते. म्हैस दूध देते, कारण ती व्याली आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पिशवीतलं दूध पातेल्यात ओतताना कुणाच्या मनात येत नाही. म्हशीचा गाभणकाळ साधारण दहा महिन्यांचा. व्याली की काही महिने दूध, मग आटते. पुन्हा दूध हवं तर पुन्हा गाभण राहायला हवी, आणि प्रत्येक वेताला एक पिल्लू जन्मणार. पारडी झाली तर घरात आनंद, कारण ती उद्याची म्हैस. रेडकू झालं तर? जन्माला येताना निसर्ग दोघांना जवळजवळ सारखंच पाठवतो. पण 2019 च्या पशुगणनेत देशात म्हशी-रेडे मिळून सुमारे 11 कोटी मोजले गेले, त्यात माद्या 10 कोटींच्या आसपास आणि नर एक कोटीहूनही कमी. सख्यांनो, हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासला. मग उरलेले नर गेले कुठे?

पूर्वी रेड्याला काम होतं. चिखलणीला, ओझ्याला, पाण्याच्या पखाली वाहायला लोक रेडा पाळायचे. आता ट्रॅक्टर आहे, पॉवर टिलर आहे, नळ आहे. रेडकाला पोसायचं तर दिवसाला दोन-तीन लिटर दूध त्याला पाजायचं. म्हणजे तेवढं दूध डेअरीत जाणार नाही. मग काय होतं, ते गोठा असलेल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. कुणी त्याला मारत नाही. आपण जैन, आपल्या हातून तसं होणारच नाही. फक्त त्याला पुरेसं पाजलं जात नाही. पान्हा फुटेपर्यंत सडाला लावायचं आणि ओढून दाव्याला बांधायचं. काही आठवड्यांत ते आपोआप जातं. "रेडकू दगावलं" एवढंच आपण म्हणतो. जे जगतं ते व्यापारी घेऊन जातो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत आपण ते घोकून पाठ केलेले असतात. पाचवा शब्द पुन्हा वाचा. अन्नपाननिरोध, म्हणजे आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचं अन्न-पाणी अडवणं. आचार्य उमास्वामींच्या काळी डेअरी नव्हती, फॅटवर दर नव्हता, तरी त्यांनी हा शब्द ठेवला. मला वाटतं, पाळीव जनावर असलेल्या श्रावकाच्या घरात हिंसा कुठल्या दारानं शिरते, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुरीचं दार आपण कधीच बंद केलेलं आहे. दाव्याचं दार उघडं राहतं.

दुसरी बाजू म्हाताऱ्या म्हशीची. गोवंशाला महाराष्ट्रात कायद्याचं संरक्षण आहे. 1976 चा प्राणी संरक्षण कायदा आहे आणि 2015 पासून त्यातल्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्यांना ते संरक्षण नाही. आपल्या देशातून जे गुरांचं मांस परदेशी जातं, ते म्हशीचंच असतं. भाकड म्हैस आठवडी बाजारात विकली जाते, तेव्हा ती घेणारा तिला दूध काढायला घेत नसतो. आपण तिला हळदीकुंकू लावून, डोळे पुसत दावं त्याच्या हातात देतो. रडणं खरं असतं. म्हैस कुठे जाणार आहे, तेही खरं असतं.

या दोन गोष्टी एकत्र मनात बसल्या आणि मला दुधाचा पेला आणि मांसाचा बाजार यांच्यामधली भिंत दिसेनाशी झाली. दोन्ही एकाच जनावराच्या आयुष्याचे दोन भाग आहेत, पहिला भाग आपल्या घरी आणि दुसरा दुसऱ्याच्या घरी. आणि पहिल्या भागाचा पैसा आला नाही, तर दुसऱ्या भागाला जनावरच मिळणार नाही. हे माझं मुख्य कारण. तब्येत, वजन, फॅशन यातलं काही नाही.

मी एका आर्यिका माताजींना विचारलं. मी म्हटलं, "माताजी, दूध सोडावं असं वाटतं, पण घरात गोठा आहे." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आधी नियम घे, यम नको. एक वर्षाचा घे. आणि एक लक्षात ठेव, त्याग आपल्या ताटापुरता असतो. दुसऱ्याच्या ताटात डोकावलीस तर त्यागाचा मान होईल, आणि मान हा कषाय आहे." ठराविक काळाचा तो नियम, जन्मभराचा तो यम, हे आपल्याला माहीत असतंच. मी एका अष्टमीला एक वर्षाचा नियम घेतला. दर वर्षी तो पुढे वाढवते आहे.

घरात सांगणं सर्वात कठीण होतं. आत्तींना काय वाटेल? ज्या हातांनी चाळीस वर्षं धार काढली त्या हातांना सूनबाई पापी म्हणते आहे, असं वाटलं तर? मी त्यांच्याजवळ बसून नीट सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूच्या वेळी दोन सड आपले, दोन सड वासराचे, असं होतं. डेअरी आली, फॅटचा दर आला, आणि चारी सड आपले झाले. मला ते कळत होतं गं. पण पोरांची फी पण कळत होती." यावर मी काय बोलणार? त्या दिवशी मी काही बोलले नाही, आणि आजही या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्या बाईला दुसरी मिळकत नाही तिला म्हशी विक म्हणणं ही माझ्या मते अहिंसा नव्हे.

पण आत्तींनी स्वतःहून एक ठरवलं. नवीन म्हैस आणायची नाही, असलेली विकायची नाही. दोन म्हशी वयानं आमच्याच गोठ्यात गेल्या. उरलेल्या दोघींपैकी एक भाकड आहे, दुसरीच्या बिलातून तिची वैरण येते. शेवटच्या वेताला रेडकू झालं, तेही राहिलं. आता तीन वर्षांचा दांडगा रेडा झाला आहे. काम काही नाही, खाणं भरपूर. दीर अधूनमधून कुरकुरतात की याला किती दिवस पोसायचं. आत्ती म्हणतात, "वैरणच खातोय ना? तुझं ताट तर ओढत नाही." हिशेबाला बसलं तर गोठा तोट्यात आहे, हे मी लपवत नाही. जनावराला शेवटपर्यंत पोसून दूध विकायचं ठरवलं, तर त्या दुधाचा दर आज आपण देतो त्याच्या कितीतरी पट होईल. आपण जे स्वस्त दूध पितो, त्याची उरलेली किंमत रेडकू आणि भाकड म्हैस भरत असतात.

आता धर्माच्या घरगुती अडचणी, ज्या तुम्ही मला नेहमी विचारता.

चौक्याचं काय? महाराज किंवा माताजींचा विहार आपल्या गावात असला की आमच्याही घरी चौका लागतो. दूध त्या आहारात असतं. साधूंना काय चालतं, काय नाही, हे ठरवणारी मी कोण? जाऊबाई दूध देतात. मी पाणी, फळांचा रस, भाकरी, भाजी देते. पडगाहन दोघी मिळून करतो. यात आजवर कुणाला काही खटकलेलं नाही. आणि मला एक गोष्ट फार बळ देते. या युगातला पहिला आहारदान कशाचा होता? हस्तिनापुरात राजा श्रेयांसांनी भगवान ऋषभदेवांना दिला तो इक्षुरस, उसाचा रस. अक्षय्य तृतीया आपण त्यासाठीच पाळतो. आमच्या शिरोळच्या शिवारात उसाला काय तोटा?

अभिषेकाचं काय? आपल्या भागात पंचामृत अभिषेकाची परंपरा आहे. कुंभोजच्या बाहुबलीला 28 फुटी मूर्तीवर दुधाची धार उतरताना पाहिलं की कुणाचंही मन भरून येतं, माझंही येतं. तेरापंथी परंपरेत मात्र अभिषेक फक्त शुद्ध जलाचा असतो. म्हणजे जलाभिषेकही आपलाच आहे, मी काही नवा शोध लावलेला नाही. मी जलाचा किंवा इक्षुरसाचा कलश घेते आणि दुधाचा कलश दुसऱ्यांसाठी सोडते. बोली लावून दुधाचा कलश घेणाऱ्या बाईचा भाव माझ्यापेक्षा कमी आहे, असं मला कधी वाटलं नाही.

मुलांचं काय? माझी मुलगी घरच्या म्हशीचं दूध पिते. नियम माझा आहे, तिचा नाही. मोठी झाली की ती ठरवेल. गोठ्यातल्या रेड्याला तिनंच नाव ठेवलं आहे, एवढं सांगते.

आता तब्येत. इथे भावनेच्या भरात कुणी काही करू नका. दूध हा आपल्या शाकाहारी ताटातला बी-12 जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव स्रोत आहे. डाळ, भाजी, धान्य यांतून ते मिळत नाही. दूध पिणाऱ्या आपल्या बायकांतही ते बऱ्याचदा कमी निघतं. मुंग्या येणं, थकवा, विसरायला होणं याकडे दुर्लक्ष करू नका. दूध सोडण्याआधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. ही गोळी जिवाणूंच्या आंबवणीतून तयार होते, जनावरापासून नाही. मात्र कॅप्सूल घेऊ नका, कारण तिचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे हाडं-कातडीपासून केलेलं असतं. साधी गोळी मागा. डी-3 सुद्धा बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, म्हणून पाकीट वाचा. कोवळं-कडक दोन्ही ऊन आपल्याकडे फुकट आहे, रोज थोडा वेळ गच्चीत बसा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काहीही सोडू नये.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच वजनाच्या दुधापेक्षा जास्त. आमच्याकडे सकाळी नाचणीची आंबील असते, भाकरीबरोबर तिळाची चटणी असते. चातुर्मासात पालेभाजी बंद होते तेव्हा या दोन गोष्टी फार उपयोगी पडतात.

स्वयंपाकघरात मला सर्वात जास्त काय चुकल्यासारखं वाटलं? चहा. आलं आपल्याकडे नाहीच, म्हणून गवती चहा, वेलची आणि चिमूटभर सुंठ घालून बिनदुधाचा चहा करते. पंधरा दिवस तो औषधासारखा लागला, मग आवडायला लागला. पुरणपोळीवर तूप नाही तर नारळाचं दूध. गुळाचं, वेलची घातलेलं नारळाचं दूध पोळीबरोबर आपल्याकडे पूर्वीपासून खातातच. शेंगदाणे रात्रभर भिजवून, वाटून, गाळून दूध काढलं आणि ते तापवून कोमट असताना हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं टाकून झाकून ठेवलं, की सात-आठ तासांत दह्यासारखं लागतं. पहिल्यांदा पातळ होईल, नाराज होऊ नका. त्याला मोहरी-कढीलिंबाची फोडणी दिली की भाताबरोबर छान लागतं. तुपाचा हिशेबही एकदा करून पाहा. म्हशीच्या एक किलो तुपाला साधारण 15 लिटर दूध लागतं. लाडवांची परात भरताना हा आकडा आठवला की हात आपोआप आवरता होतो.

अजून एक. दूध सोडलं म्हणून मी दुसऱ्याच्या घरी जेवायला जात नाही असं नाही. लग्नात वरण-भातावर तूप वाढू नका एवढंच सांगते. कुणी प्रेमानं खीर पुढे केली तर वाटीला हात लावून मनापासून नमस्कार करते, आणि म्हणते, "माझा नियम आहे." आपल्या समाजात या तीन शब्दांची किंमत फार मोठी आहे. नियम म्हटल्यावर कुणी आग्रह करत नाही, कुणी रागावत नाही. दुसऱ्या समाजातल्या मैत्रिणींना तासभर समजावावं लागेल ते आपल्याकडे तीन शब्दांत होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नियम पाळून हा मान कमावला आहे.

भाद्रपदात दशलक्षण पर्व येईल. आठवा दिवस उत्तम त्यागाचा. त्या दिवसांत अनेकजणी एखादा रस सोडतात. दूध सोडायचं मनात असेल तर जन्मभराचा विचार करू नका. एक गुरुवार धरा, किंवा ते दहा दिवस धरा. आणि ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना एकच विनंती. दूध सोडू नका हवं तर, पण या वेताला रेडकू झालं तर त्याचे दोन सड त्याला द्या. डेअरीच्या मापात थोडं कमी भरेल. आत्ती सांगतात, पहिले दोन महिने जीव तगला की मग ते वैरणीवर येतं, फारसा त्रास देत नाही.